कडक भाकरीचा ट्रक

आमच्या गावाला दया येते तेव्हा ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर अध्यक्ष येतो, कार्याध्यक्ष येतो, लाउडस्पीकर येतो आणि शेवटी शाल-श्रीफळ येतं. मी हे उगीच म्हणत नाही. मी अहमदपुरात सून म्हणून आले तेव्हापासून बघत आले आहे, आणि गावातले बहुतेक अध्यक्ष आमच्याच घरात राहत होते. म्हणजे माझे सासरे.

त्यांना मी मामंजी म्हणायची. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलायला लागले की समोर एकच माणूस असला तरी 'बंधू-भगिनींनो' म्हणतील की काय असं वाटायचं. शिवनाम सप्ताह असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की बैलांचं प्रदर्शन, अध्यक्ष मामंजी. दुसऱ्या एखाद्याला जशी तंबाखूची सवय असते तशी त्यांना खुर्चीची होती. ती दोन-चार महिने मिळाली नाही की घरात चिडचिड करायचे आणि आमटीत मीठ शोधायचे.

ही गोष्ट घडली त्या सुमारास लातूर जिल्हा नवाकोरा होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. तिथला कलेक्टर साहेब इतका लांब, की त्याच्या नजरेत भरायचं कुणाच्या मनातही येत नसे. आता साहेब एसटीच्या टप्प्यात आला आणि गावातल्या प्रतिष्ठित माणसांची झोप उडाली. तालुक्याचा अध्यक्ष असून आता भागणार नव्हतं, जिल्ह्यात नाव व्हायला हवं होतं. दुकानांच्या पाट्या पुसून नव्या रंगवल्या गेल्या. काही न करता बसलेली मंडळं अचानक 'लातूर जिल्हा' असा शेपटा लावून जागी झाली. नाव कशानं करावं एवढंच ठरत नव्हतं.

तेवढ्यात आंध्रात वादळ आलं.

बातम्यांत सांगितलं की समुद्र गावांत शिरला. आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं किती असतील देव जाणे. मीही पाहिलेला नव्हता. मामंजींच्या दुकानाच्या ओट्यावर रेडिओभोवती जमलेले व्यापारी पहिल्यांदा हेच म्हणाले की एवढं पाणी नाहक वाया गेलं, थोडं इकडं वळवायला पाहिजे होतं. आणि हसले. मी चहा द्यायला गेले होते, माझ्या कानांनी ऐकलं. हीच माणसं त्या संध्याकाळी मठात 'वादळग्रस्त सहाय्यता समिती' स्थापन करून डोळे पुसत होती. अध्यक्ष कोण झालं हे सांगायला नको.

समितीचं पहिलं काम म्हणजे महादेवाला अभिषेक. दुसरं काम म्हणजे अभिषेकाचा फोटो. एक फोटोवाला धरून ठेवला होता, तो स्वतःला जिल्हा वार्ताहर म्हणवून घ्यायचा. जिल्हा झाल्यापासून तो कुणाच्याही आधी जेवायला बसायचा. तिसरं काम कपडे गोळा करायचं. इथं गावानं मन मोकळं केलं. आमच्याकडे लग्नात आहेराची पातळं येतात. ती कुणी नेसत नाही. ती पेटीत जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगावर पडतात. एकेक पातळ साऱ्या तालुक्यात फिरून परत मूळ घरी आलेलं मी पाहिलं आहे. टॉवेल-टोपीचंही तसंच. ती सगळी फिरती पातळं आणि पांढऱ्या टोप्या बारदान्यात भरून मोंढ्यात आल्या. समुद्रात घर गेलेल्या माणसाला आमच्या गावानं टोपी घातली, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, हळू बोल.

मला हे कपड्यांचं प्रकरण झोंबलं त्याला कारण होतं. माझं माहेर भोकरचं. दुष्काळात मी शाळेत होते. बाहेरदेशाहून लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापता थापता हातात फुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगड बसायचा. आई म्हणायची, हे तिकडं जनावरं खातात म्हणे, आणि तेच आम्हाला वाढायची. कुठल्याशा मोठ्या शहरातून कपड्यांची गाठोडी आली होती. भावाला एकाच पायाचा बूट मिळाला. मला रेनकोट मिळाला. वर्षभर थेंब पडला नव्हता आणि मला रेनकोट! आई तो दाराला पडद्यासारखा लावायची. देणाऱ्याला शिव्या द्यायची सोय नव्हती, कारण देणारा कोण ते माहीत नव्हतं. इथं मला प्रत्येक देणारा नावानिशी माहीत होता.

मग जेवणाचं ठरलं. धान्य पाठवावं, असं एक जण म्हणाला, तर मामंजी म्हणाले की धान्य सरकार देतं, आपण आपल्या हातचं दिलं पाहिजे. म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आमच्या लोकांचा यावर फार विश्वास. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेनं निखाऱ्याला उभी करून सुकवायची. पापडासारखी वाजते. पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवली की महिनाभर हलत नाही. मठात दासोह असतो, म्हणजे येईल त्याला जेवण, तेव्हा हीच भाकरी ढिगानं लागते. जत्रेला हीच, प्रवासाला हीच. लिंगायताच्या घरात जन्मलेल्या माणसाला वाटतं की मेल्यावर वरसुद्धा हीच मिळणार आहे.

तिकडचे लोक भात खातात, त्यांच्याकडे प्यायचं पाणी खारं झालंय, आणि त्यांना आपण कोरडी भाकरी आणि लसूण-मिरचीची चटणी पाठवतोय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी ते डोक्याबाहेर घालवलं असतं. आपल्याला जे आवडतं ते दुसऱ्यानं पोटभर खावं आणि आपल्याला दुवा द्यावा, इतकी सोपी त्यांची करुणा होती.

थापायच्या मात्र आम्हीच. आमच्या परसात चुली मांडल्या, गल्लीतल्या बाया आल्या आणि उखळात चटणी कुटून कुटून माझे डोळे सुजले. सगळ्यांवर माझ्या सासूबाईंची देखरेख. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बाई कडक होती. पहाटे तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायची नाही आणि पूजा झाली की दिवसभर कुणाला दोन शब्द धड बोलायची नाही. भाकरी जाड झाली की ती उचलून थापणारीच्याच पुढ्यात टाकायची, म्हणायची, "ही तुझ्या दादल्याला घाल." समितीविषयी त्यांचं मत काय हे कळायला मार्ग नव्हता. अध्यक्षांविषयीचं मत सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सिस्टर आली.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. चाळिशीची, काळीसावळी, एकटी, दवाखान्यामागच्या क्वार्टरात राहायची. आंध्रातल्या त्याच समुद्रकाठची. नोकरीसाठी हैदराबादेत, तिथून नांदेडला, तिथून आमच्याकडे आली आणि इथंच राहिली. तालुक्यातली किती पोरं तिच्या हातांवर जन्मली याचा हिशोब तिनं ठेवला नव्हता. माझा थोरला त्यातलाच. मूल आडवं, पुरानं लातूरचा रस्ता बंद, डॉक्टर सुट्टीवर. मामंजी त्या दिवशी मठात जप करत बसले होते. सिस्टर माझ्याजवळ बसली होती. मी आणि पोरगा दोघंही जिवंत राहिलो. पुढं बारशाच्या भाषणात मामंजींनी जपाचा उल्लेख केला.

ती चुलीजवळ येऊन बसली आणि तिनं परातीत हात घातला. तिला भाकरी थापता यायची नाही. पीठ नुसतं मळत राहिली.

"सिस्टर, गावाकडचं काही कळलं का?" मी विचारलं.

"आई तिकडंच हाय, ताई," ती म्हणाली. "एकटीच. ताडाच्या पानाचं घर. तार केली तर पोस्टवाला म्हणतो तारा तुटल्या. रेल्वेत विचारलं तर गाडी पुढं जाईना. नुसते मदतीचे ट्रक सोडून राहिले म्हणे."

मग तिनं मान खाली घालून ती जिच्यासाठी आली होती ती गोष्ट सांगितली. आमचा ट्रक तिच्याच भागात जाणार होता. तिला ट्रकमध्ये जागा हवी होती. भाषा येते, वाट माहीत आहे, कुठंही बसेन.

मी तिला हळूच विचारलं, "तुमच्याकडे अशी भाकरी खातात का हो?"

तिनं पिठात बोटं तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "खातील की, ताई," ती म्हणाली. मला तिचा चेहरा बघून कळलं की हा ट्रक दगड घेऊन जात असता तरी ती हेच म्हणाली असती.

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याकरवी विषय काढला. मामंजींनी घास खाली ठेवला आणि समितीची अडचण समजावून सांगितली. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर. त्याच्या शेजारी स्वतः अध्यक्ष. मग मठाचे पुजारी अय्या, कारण अभिषेकाचं तीर्थ आणि विभूती न्यायची होती. मग फोटोवाला, कारण त्याच्याशिवाय गेल्यासारखं झालं नसतं. जागा कुठं आहे? शिवाय बाई माणूस, एवढा लांबचा पल्ला, चार पुरुषांत, लोक काय म्हणतील? शिवाय, आणि इथं त्यांनी आवाज उतरवला, ती चर्चला जाणारी. आपल्या ट्रकवर महादेवाचा फोटो.

"महादेव काही म्हणाला का?" मी विचारलं. नवऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला.

"सूनबाई, हे समाजकार्य हाय. घरचं नव्हं," मामंजी म्हणाले. आणि पुढं म्हणाले की सिस्टरनं आईचं नाव-गाव सांगावं, ते स्वतः तिथं जातीनं चौकशी करतील. तेलुगूत चौकशी कशी करणार हे त्यांनी सांगितलं नाही.

ट्रक भरला. भाकरीची गाठोडी मात्र अजून आमच्या परसातच होती, ती शेवटी वर ठेवायची म्हणून, नाहीतर चुरा झाला असता. ट्रकच्या दोन्ही अंगांना कापडी फलक लागले. त्यावर 'वादळग्रस्तांसाठी भाकरी' हे बारीक होतं, अध्यक्षांचं नाव दुरून वाचता यायचं, आणि 'जि. लातूर' हे तर उस्मानाबादहूनसुद्धा वाचता आलं असतं. सगळी तयारी झाली आणि ट्रक मोंढ्यात उभाच राहिला.

का, तर नव्या साहेबांच्या हस्ते झेंडा दाखवायचा होता. साहेबांचा यात काही दोष नव्हता. त्यांना कुणी नीट विचारलंच नव्हतं. नुसता निरोप गेला होता, आणि निरोपाला उत्तर आलं नाही याचा अर्थ मामंजींनी असा काढला की ते येणार आहेत. आज येतील, सोमवारी येतील, सोमवार महादेवाचा वार, चांगलाच योग. लातूरकडून जीप आली की मोंढ्यात धावपळ व्हायची, हार पाण्यातून बाहेर निघायचे, आणि जीपमधून कुणीतरी खताचा माणूस उतरायचा. झेंडूचे हार सुकले, नवे केले. तिकडं माणसं उघड्यावर बसली होती आणि इकडं आम्ही हारांवर पाणी मारत होतो. मला इतकी शिसारी आली होती की उखळाचं मुसळ घेऊन मोंढ्यात जावं आणि पहिला तो फलक फाडावा.

सिस्टर रोज यायची. दवाखान्यातली पाळी संपली की तिची रेक्झिनची पिशवी घेऊन ट्रकपाशी जायची आणि रसवंतीच्या आडोशाला उभी राहायची, म्हणजे झेंडा दाखवलाच तर ट्रक आपल्याला सोडून जाऊ नये. समितीची माणसं तिला नमस्कार करायची. तिच्या गावावर एवढं मोठं संकट आलं म्हणून तिची विचारपूस करायची. एकानं तर तिला सांत्वनपर दोन शब्द बोलायला माइकवर बोलावलं. जागेचं कुणी काढत नव्हतं.

एक दिवस ती आमच्या परसात आली आणि तुळशीच्या कट्ट्यावर बसून रडली. मी तिला पाणी दिलं. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तिकडूनच विचारलं, "सिस्टर, तू प्रार्थना करतीस न्हवं का? मग तुजा देव काय म्हणतोय?"

"काईच म्हणंना, अम्मा," सिस्टर म्हणाली.

आत्याबाईंनी भाकरी उलटली. "आमचा बी काई म्हणंना," त्या म्हणाल्या. "रोज हातात घिऊन बसती म्या त्याला. म्हणंना तर म्हणंना. ट्रक तर हाय न्हवं का?"

त्यांच्या तोंडून मी इतकं लांबलचक बोलणं क्वचितच ऐकलं होतं. मला वाटलं विषय संपला.

शेवटी साहेब आले नाहीत. तहसिलातला एक लहान अधिकारी गाठला, तो बिचारा दुसऱ्याच कामाला निघाला होता. बँड आला, अय्या आले, शाळेची पोरं रांगेत उभी केली. मामंजी नवा फेटा बांधून घरी आले, दोन हमाल घेऊन, भाकरीची गाठोडी न्यायला.

आत्याबाई परसाच्या दारात पाट टाकून बसल्या होत्या. गाठोडी त्यांच्या मागं.

"सरका," मामंजी म्हणाले. "लोक खोळंबलेत."

"सिस्टरला जागा दिली का?"

"अगं, तुला सांगितलं न्हाई का सगळं? काय बोलायलाव तुमी बाया!"

"मंग भाकरी जायची न्हाई."

मामंजी आधी हसले. मग हमालांसमोर हसणं बरं दिसेना म्हणून रागावले. ही देवाच्या कामात आडकाठी आहे, म्हणाले. हे पाप कुणाच्या माथी बसेल, म्हणाले. आत्याबाई ऐकून घेत होत्या. ते थांबल्यावर म्हणाल्या, "पीठ गल्लीतल्या बायांचं. गोवऱ्या माझ्या. हात आमचे भाजलेत. तुमी यातली एक तरी भाकरी थापली का? चारचौघांत फलक लावलाव, त्यावर भाकरी लिहिलंय. जावा मंग फलक घिऊन. लोकं चाटतील."

तोवर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यातली एकही हलत नव्हती. लांबून बँडचा आवाज येत होता. भाकरीशिवाय ट्रक गेला असता तर त्यात उरलं काय होतं? टोप्या.

"जागा कुठंय पण?" मामंजींचा आवाज खाली आला होता.

"त्या फोटोवाल्याला माघं बसवा. टोप्यांवर."

आणि तसंच झालं. जिल्हा वार्ताहर बारदान्यावर चढून बसला आणि त्याचं तोंड बघून मला किती दिवसांनी पोटभर हसू आलं. सिस्टर केबिनमध्ये दाराशी अंग चोरून बसली. अधिकाऱ्यानं झेंडा दाखवायच्या आधी मामंजींनी माइकवर जाहीर केलं की समितीनं माणुसकीच्या भावनेतून एका दुःखी भगिनीला सोबत नेण्याचं ठरवलं आहे. टाळ्या पडल्या. आत्याबाई घरीच होत्या, चुली मोडत होत्या. ट्रक उदगीरच्या रस्त्याला लागला.

ते परत आले तेव्हा आमच्या दारात हलगी वाजली. मामंजी काळे पडले होते, पण खुशीत होते. सिस्टर स्टँडावरच उतरून आपल्या क्वार्टरात गेल्याचं ड्रायव्हरनं सांगितलं. आई भेटली का, असं मी मामंजींना विचारलं, तर म्हणाले, "अरेरे, त्ये राहूनच गेलं इचारायचं. लई गर्दी होती, सूनबाई. काय सांगू, काय ती लोकं!" आणि ते लोकांचं सांगायला लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार माणसं एका केबिनमध्ये बसून इतक्या लांबून आली, आणि त्यातल्या एकीची आई जगली की मेली हे यांना विचारावंसं वाटलं नाही! मी पुढं काही ऐकलं नाही. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आत्याबाईंनी काही न विचारता चूल पेटवली. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारपाजारचे भाकरी नेतात. त्यांनी भाकरी केली नाही. भात लावला, मऊ, जास्त पाण्याचा, आणि पातळ वरण. मी म्हटलं, आत्याबाई, आधी कळू तरी द्या. त्या म्हणाल्या, "ती पहिल्यांदा हितं आली असती, आई भेटली असती तर." डबा पदराखाली धरून त्या निघाल्या. मी मागून.

मठात तेव्हा सत्काराची सभा सुरू झाली होती. सिस्टरचं क्वार्टर मठाच्या जवळच, त्यामुळं लाउडस्पीकर जणू खोलीतच लावला होता. सिस्टर खाटेवर बसली होती. प्रवासातलं लुगडंही बदललं नव्हतं. आत्याबाईंनी ताट वाढलं, तिच्यापुढं ठेवलं आणि जमिनीवर बसल्या. सिस्टरनं भात पाहिला आणि तिला हुंदका फुटला. मग ती जेवली. खरंच भूक लागली होती तिला.

बाहेर मामंजी बोलत होते. रस्ते वाहून गेलेले, झाडं आडवी, आपला ट्रक पोलिसांनी किती ठिकाणी अडवला. भाकरी वाटली तेव्हा लोकांनी ती कशी कपाळाला लावली. मी सिस्टरकडं पाहिलं. ती म्हणाली, "लहान पोरं चटणी खाऊन रडाय लागली, ताई. पाणी नव्हतं. मग छावणीतल्या पेजेत भाकरी बुडवून दिली. तशी खाल्ली." हे तिनं गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही.

"आणि बंधू-भगिनींनो," लाउडस्पीकर म्हणाला, "शेवटी मी ट्रकवर उभा राहून त्या लोकांना उद्देशून दोन शब्द बोललो. मी मराठीत बोलत होतो आणि आपल्या सिस्टर त्याचं तेलुगूत भाषांतर करत होत्या. मी म्हणालो, आम्ही दुष्काळ पाहिलेली माणसं आहोत, दुःख आम्हाला समजतं. माझा एकेक शब्द त्यांच्या काळजाला भिडत होता. आणि काय सांगू! समोर बसलेला एक म्हातारा उठला आणि त्यानं हात जोडले. मग दुसरा उठला. बघता बघता सगळ्या गावानं उभं राहून हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाषेची गरज नसते, मंडळी. अंतःकरण लागतं."

टाळ्या बराच वेळ चालल्या. सिस्टरनं ताटातला शेवटचा घास तसाच ठेवला.

"पहिलं वाक्य सांगितलं मी," ती म्हणाली. "हे कुठनं आले, काय आणलं. मग समोर बघितलं तर सगळं माझंच गाव बसलं होतं, छावणीत. ट्रक आल्यापासून भाकरीची गर्दी, कुणाला विचारायला सवडच नाही. अध्यक्षसाहेब बोलत होते, थांबत होते, माझ्याकडे बघत होते. मला काय राहवलं नाही, अम्मा. मी म्हटलं, मी अमकीची पोरगी, बोरिंगजवळच्या घरातली. माझी आई कुठं हाय? ते परत बोलले, थांबले. मी परत तेच विचारलं. कुणी बोलंना. मग आमच्या शेजारचा म्हातारा उठला. त्यानं हात जोडले."

तिनं स्वतःचे हात जोडून दाखवले. "मग सगळ्यांनी."

आत्याबाई तिच्या खाटेपाशी सरकल्या आणि तिचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं. मला वाटतं पोटच्या पोरांनाही त्यांनी कधी तसं घेतलं नसेल. मी ताट उचलून बाहेर मोरीत नेलं आणि तिथंच उभी राहून रडले.

आम्ही घरी आलो तेव्हा मामंजी आमच्या आधीच आले होते. गळ्यात हार, मांडीवर शाल, समोर कपबशी. आत्याबाईंना बघून ते कौतुकाच्या आशेनं हसले.

"भाषण ऐकलं का?" त्यांनी विचारलं.

"ऐकली," आत्याबाई म्हणाल्या. "दोनी बी."

मामंजी बुचकळ्यात पडले. त्यांनी बशीतला चहा तसाच हातात धरून विचार केला, त्या ट्रकवर आपल्याखेरीज कोण उभं होतं ते आठवून पाहिलं, आणि मग खात्रीनं म्हणाले, "दुसरं कुणी बोललंच न्हाई की तिथं."